पठ्ठ्याला शिक्षा, वस्तादाला मोकळीक

कायद्याच्या भाषेत काही शब्द असे असतात की, ज्याच्यासाठी ते योजलेले असतात त्याच्या कामी ते ऐन वेळी येत नाहीत. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेतील 'संरक्षित व्यक्ती' ही संज्ञा त्याच जातीची आहे. १६ वर्षांखालील खेळाडूला ही संहिता संरक्षित व्यक्ती म्हणते. त्याला संरक्षण कशापासून आणि ते द्यायचे कोणी, या प्रश्नांचे उत्तर मात्र व्यवहारात असे मिळते की, संरक्षण मिळते ते मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांना, आणि मुलाच्या वाट्याला उरते ती शिक्षा. कमिला वालियेवा या रशियन मुलीच्या प्रकरणाने हे पुरते उघडे पाडले, असे आमचे मत आहे. ते मत येथे सविस्तर मांडायचे आहे.

बर्फावरील नृत्याचा हा खेळ आणि आपली वाङ्मयीन पत्रिका यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. बर्फाशी आपला संबंध नाही, हे खरे. पण शब्दांच्या व्यवहाराशी आपला संबंध आहे, आणि मुलांना वाढवण्याच्या व्यवहाराशी तर प्रत्येक घराचा आहे. शब्द एक बोलतो आणि त्याची अंमलबजावणी दुसरेच करते, तेव्हा त्याविषयी लिहिणे हे आपल्यासारख्या संस्थांचे कामच आहे.

प्रथम घटनाक्रम. फिगर स्केटिंगमध्ये खेळाडू संगीताच्या साथीने बर्फावर घसरत, गिरक्या आणि उड्या घेत आपला कार्यक्रम सादर करतो. पंच उड्यांच्या अवघडपणाला आणि सादरीकरणाला गुण देतात. २५ डिसेंबर २०२१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथील रशियन राष्ट्रीय स्पर्धेत वालियेवाच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्या दिवशी तिचे वय १५ वर्षे ८ महिने होते. नमुना स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत गेला. असे अहवाल नमुना पोहोचल्यापासून सुमारे २० दिवसांत यावेत, असा दंडक आहे. हा अहवाल आला ८ फेब्रुवारी २०२२ रोजी. साथीच्या रोगामुळे मनुष्यबळ अपुरे होते, असे कारण सांगितले गेले. मधल्या काळात ही मुलगी युरोपीय विजेतेपद जिंकून बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला पोहोचली होती, आणि आदल्याच दिवशी, ७ फेब्रुवारीला, तिच्या संघाने सांघिक स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला होता. ऑलिंपिकमध्ये हवेत चार फेऱ्यांची उडी यशस्वीपणे घेणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव त्याच दिवशी नोंदले गेले.

नमुन्यात ट्रायमेटाझिडिन सापडले. हे हृदयशूलाच्या रुग्णांना देण्याचे औषध आहे. हृदयाच्या स्नायूला मेदाऐवजी शर्करेतून ऊर्जा घ्यायला ते लावते, म्हणजे कमी प्राणवायूत जास्त काम करून घेते. २०१४ पासून ते निषिद्ध यादीत आहे. रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'रुसाडा'ने, मुलीवर तात्पुरती बंदी घातली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच संस्थेच्या शिस्तपालन समितीने ती उठवली. ऑलिंपिक समिती, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था 'वाडा' आणि आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना या तिघांनी त्याविरुद्ध क्रीडा लवाद न्यायालयात धाव घेतली. १४ फेब्रुवारीला लवादाने निर्णय दिला: मुलगी संरक्षित व्यक्ती आहे, अहवालाच्या विलंबाला ती जबाबदार नाही, तिला रोखल्यास तिचे भरून न येणारे नुकसान होईल, सबब तिने खेळावे.

आमचा पहिला आक्षेप या निर्णयावर आहे. अनेकांनी त्याला दया म्हटले. आम्हांला ती दया वाटत नाही. निर्णय झाला त्याच दिवशी ऑलिंपिक समितीने जाहीर केले की, ही मुलगी पहिल्या तिघांत आली तर पदकप्रदान समारंभच होणार नाही. ती पहिल्या चोविसांत आली तर अंतिम फेरीत २४ ऐवजी २५ जणींना प्रवेश द्यावा, अशीही तजवीज करण्यात आली. म्हणजे तिला रिंगणात उतरवायचे, पण ती उतरलीच नाही असे समजून बाकीचा हिशेब करायचा. पंक्तीला बसवावे आणि पानात काही वाढू नये, असला हा पाहुणचार. १५ फेब्रुवारीला ती पहिल्या फेरीत अव्वल होती. १७ फेब्रुवारीला साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढे ती पुन:पुन्हा चुकली, पडली आणि चौथी आली. रिंगणाबाहेर येताच प्रशिक्षकाने तिला जवळ घेण्याऐवजी जाब विचारला, हे दृश्यही जगाने पाहिले. ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस बाख यांनी दुसऱ्याच दिवशी त्याविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. 'भरून न येणारे नुकसान' टाळण्यासाठी दिलेल्या निर्णयाचे हे फळ. ज्या मुलीचे नाव नियमानुसार गुप्त ठेवण्याची मुभा होती, तिचे नाव अधिकृत घोषणेपूर्वीच वृत्तपत्रांत आले होते. मग संरक्षण म्हणून शिल्लक काय राहिले होते? तिला तेव्हाच घरी पाठवणे ही खरी दया ठरली असती.

आणि नुकसान काय तिचे एकटीचेच होते? अमेरिका आणि जपानचे खेळाडू सांघिक पदकावाचून मायदेशी परतले. लवादाचा अंतिम निर्णय येईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे गेली. अमेरिकेच्या चमूला सुवर्ण आणि जपानच्या चमूला रौप्यपदक मिळाले ते ७ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये, उन्हाळी ऑलिंपिकच्या गर्दीत. स्पर्धा संपल्याला त्या दिवशी बरोबर ३० महिने झाले होते. वालियेवाचे २० गुण वजा होऊनही रशियन चमूकडे ५४ गुण उरले आणि कॅनडाचे ५३. म्हणून कांस्यपदक रशियन चमूकडेच राहिले. बाद खेळाडूच्या खालच्यांना एकेक क्रमांक वर घ्यावे, ही कॅनडाची मागणी लवादाने फेटाळली. नियमाचा अर्थ तसा लागतही असेल. पण ज्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता त्यांच्या वाट्याला सर्वाधिक प्रतीक्षा आली, ही गोष्ट नियमाच्या बाजूने बोलत नाही.

आता मुख्य मुद्दा. रुसाडाच्या लवादाने जानेवारी २०२३ मध्ये उघड झालेल्या निर्णयात म्हटले की, नियमभंग झाला, पण मुलीचा कसलाही दोष नाही. फक्त २५ डिसेंबरचा निकाल रद्द. हा निर्णय लबाडीचा होता, कारण त्यात ऑलिंपिकचे पदक अलगद वाचत होते. 'वाडा'ने अपील केले. २९ जानेवारी २०२४ रोजी क्रीडा लवाद न्यायालयाने तो फिरवला आणि मुलीवर नमुन्याच्या तारखेपासून चार वर्षांची बंदी घातली. तेव्हापासूनचे तिचे सर्व निकाल रद्द केले. बचावाचे म्हणणे होते की, औषध आजोबांचे होते आणि त्यांनी करून दिलेल्या स्ट्रॉबेरीच्या गोड पदार्थातून ते चुकून पोटात गेले. हे पुराव्याने शाबीत झाले नाही. औषध आपण जाणूनबुजून घेतले नाही, हे सिद्ध करण्याचा भार मुलीवर होता आणि तो तिला पेलला नाही. या बाबतीत संरक्षित व्यक्तीला प्रौढ खेळाडूहून वेगळे वागवण्यास नियमांत आधार नाही, असे लवादाने नोंदवले.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवली पाहिजे. निकाल रद्द करणे आणि खेळाडूवर बंदी घालणे, ही वेगळी कृत्ये आहेत. निकाल रद्द करताना दोष कोणाचा हे पाहण्याचे कारण नाही. शरीरात निषिद्ध द्रव्य असताना मिळवलेला क्रमांक खरा नव्हे. तो प्रतिस्पर्ध्यांना परत केलाच पाहिजे, मग द्रव्य कोणीही, कसेही दिलेले असो. याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. बिचाऱ्या मुलीचे पदक काढून घेतले म्हणून अश्रू ढाळणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. २००० साली येलेना बेरेझ्नाया हिने खोकल्यावरच्या औषधातून स्यूडोएफेड्रिन घेतले, आणि तिचे व अन्तोन सिखारुलिद्झे याचे युरोपीय विजेतेपद गेले. पुढे ते द्रव्य यादीतून काही वर्षे वगळले गेले आणि पुन्हा घातले गेले. तरीही त्या दिवशीच्या नियमाने विजेतेपद जाणे योग्यच होते.

बंदीची गोष्ट निराळी. बंदी ही दोषाची शिक्षा आहे, आणि दोष म्हटला की जाणीव, निवड आणि स्वातंत्र्य यांचा विचार येतो. आमच्या बेळगाव-कोल्हापूरच्या तालमींत एक जुना रिवाज आहे. पठ्ठ्याचा खुराक वस्ताद ठरवतो. दूध किती, बदाम किती, तूप किती, थंडाई केव्हा, हे पठ्ठ्याने विचारायचे नसते. वाटी पुढे आली की ती रिकामी करायची असते. म्हणून पठ्ठ्याच्या पोटात काय गेले याचा जाब पहिल्यांदा वस्तादालाच विचारला जाई. आजचे क्रीडाशास्त्र पुष्कळ पुढे गेले असेल, पण मॉस्कोच्या त्या प्रसिद्ध प्रशिक्षण केंद्रातील १५ वर्षांची मुलगी आणि तालमीतला पोरगा यांच्यात या बाबतीत फरक कोणता? तिचे जेवण, तिचे वजन, तिच्या गोळ्या, तिचा दिवस यांतले काय तिच्या हातात होते? तिने स्वत: औषधांच्या दुकानात जाऊन हृदयरोगाचे औषध निवडले, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा स्ट्रॉबेरीच्या गोष्टीवर विश्वास ठेवणे सोपे.

यावर उत्तर येईल: मग प्रशिक्षकाने दिले, डॉक्टरने दिले, हे तरी कोठे सिद्ध झाले आहे? मुळीच नाही, आणि कोणा एकाने दिले असे आम्ही म्हणतही नाही. पण या उत्तरातच साऱ्या व्यवस्थेचा अन्याय उघडा होतो. मुलीच्या बाबतीत नियम म्हणतो की, तू निर्दोष आहेस हे तू सिद्ध कर. मोठ्यांच्या बाबतीत तोच नियम म्हणतो की, तुम्ही दोषी आहात हे आम्ही सिद्ध करू, आणि करता आले नाही तर तुम्ही मोकळे. संशयाचा फायदा चाळिशी-पन्नाशीच्या, वकील बाळगणाऱ्या माणसांना, आणि संशयाचा तोटा शाळकरी मुलीला! संरक्षित व्यक्तीच्या प्रकरणात तिच्या साहाय्यकांची आपोआप चौकशी व्हावी, असे संहितेतच लिहिले आहे. या चमूच्या डॉक्टरने तर पूर्वी नौकानयनातील एका प्रकरणात निलंबन भोगलेले होते. तरीही वालियेवाच्या प्रकरणात एकाही प्रशिक्षकावर वा डॉक्टरवर बंदी आली नाही. मुलीची चार वर्षे संपली ती २५ डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. ज्या खेळात विशीच्या आतच मुलींची कारकीर्द आटोपते, त्या खेळात ही चार वर्षे म्हणजे चार वर्षे नव्हेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. मुलांना सूट दिली तर मुलांचाच वापर होईल. ज्याला शिक्षा नाही त्याच्याच हाती चोरीचा माल दिला जाईल, असे म्हणतात. भीती रास्त आहे. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पोराच्या हाती चोरीचा माल सापडला तर शहाणा फौजदार पोराला कोठडीत टाकून प्रकरण मिटवीत नाही. माल देणाऱ्याच्या दारी जातो. शिक्षेचा धाक ज्याला बसायला हवा तो निर्णय घेणारा मोठा माणूस आहे. मुलीची कारकीर्द बुडाली म्हणून तो थांबत नाही, कारण त्याच्या हाताशी पुढची मुलगी तयार असते. याच प्रशिक्षणगृहाचा इतिहास पाहा. युलिया लिप्नित्स्काया २०१४ साली १५व्या वर्षी सांघिक सुवर्णपदक जिंकते आणि २०१७ मध्ये, अन्नाची वासनाच उडवणाऱ्या आजाराशी झगडून, खेळ सोडते. अलिना झागितोवा २०१८ साली १५व्या वर्षी ऑलिंपिक विजेती होते आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस स्पर्धांतून बाजूला होते. विजेत्या बदलतात, केंद्र तेच राहते. बंदी घालायची तर ती कोठे घातल्याने फरक पडेल, हे यावरून उघड व्हावे.

मोठ्यांना जबाबदार धरणे अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. पूर्व जर्मनीत अल्पवयीन मुलींना जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात. त्या पुरुषी संप्रेरकांच्या होत्या. त्या प्रकरणी बर्लिनच्या न्यायालयाने जुलै २००० मध्ये तेथील क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर यांना शारीरिक इजेस साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा सौम्य होत्या आणि स्थगित होत्या, हे खरे. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती मोठी माणसे; त्या गोळ्या गिळलेल्या मुली, आता प्रौढ झालेल्या, साक्षीदार म्हणून आल्या होत्या. कोण कोठे उभे असावे, हे त्या न्यायालयाला कळले होते.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने जून २०२२ मध्ये वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेले. ठराव १०० विरुद्ध १६ मतांनी संमत झाला. पाऊल योग्य आहे, पण ते मूळ प्रश्नाला बगल देते. १७ वर्षांची मुलगीही अल्पवयीनच. शिवाय वय वाढवल्याने 'संरक्षित व्यक्ती' हा शब्द वरिष्ठ स्पर्धांतून जवळजवळ हद्दपार होतो, म्हणजे संरक्षण देण्याची अडचण संरक्षितांनाच दाराबाहेर ठेवून सोडवली जाते. कनिष्ठ गटांत तीच मुले, तेच प्रशिक्षक आणि त्याच गोळ्या राहतात. फक्त कॅमेरे नसतात.

हा दूरच्या रशियाचा प्रश्न आहे, असे समजून पान उलटण्याची सोय आपल्याला नाही. 'वाडा'ने जानेवारी २०२४ मध्ये अल्पवयीनांतील उत्तेजकसेवनाचा दशकभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक प्रकरणांचे तीन देश होते रशिया, भारत आणि चीन. २०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. इतक्या चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचे. म्हणजे ती वाटी आपल्याही मुलांच्या पुढे येते आहे. ती कोण पुढे करतो? बंदी आलेल्या खेळाडूंच्या याद्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्यांच्या वस्तादांच्या याद्या कधी वाचल्याचे आम्हांला आठवत नाही. पालक नोकरीच्या आशेने, वस्ताद नावाच्या आशेने आणि संस्था पदकाच्या आशेने मुलाकडे पाहते, आणि सुई टोचली गेली की तिघेही म्हणतात, आम्हांला ठाऊक नव्हते.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. १८ वर्षांखालील खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की त्याचा निकाल तत्काळ रद्द व्हावा. त्यात दयामाया नको. त्याच दिवशी त्याच्या प्रशिक्षकाचा आणि डॉक्टरचा परवानाही तात्पुरता स्थगित व्हावा. ही शिक्षा नव्हे. जी तात्पुरती बंदी १५ वर्षांच्या मुलीला लावताना दोषसिद्धीची वाट पाहिली जात नाही, ती मोठ्यांना लावताना का पाहावी? अल्पवयीन खेळाडूला दिलेल्या प्रत्येक औषधाची आणि पूरक द्रव्याची नोंदवही ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक असावे, आणि नोंद नसलेल्या द्रव्याचा खुलासा करण्याचा भार त्यांच्यावर असावा. मुलावर दीर्घ बंदी घालायची तर त्याने जाणूनबुजून द्रव्य घेतले हे तक्रारदाराने सिद्ध करावे. आणि प्रलंबित नमुन्याचा अहवाल हाती आल्यावाचून कोणत्याही खेळाडूला ऑलिंपिकमध्ये उतरवू नये, म्हणजे १४ फेब्रुवारीसारखा निर्णय पुन्हा कोणत्याही लवादाला द्यावा लागणार नाही.

यातली एकही मागणी खर्चाची नाही. पण यांपैकी प्रत्येक मागणी मोठ्या माणसांच्या गळ्याशी येते, आणि नियम करणारी मंडळी मोठीच माणसे असतात. संहितेत 'संरक्षित' हा शब्द ठेवायचा असेल, तर त्याची किंमत त्यांनी मोजावी. ती मोजायची तयारी नसेल तर निदान तो शब्द तेथून काढून टाकावा.